चार घोडेस्वार आणि सात खेचरे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी झालेले भाषण)



गुणगौरवाच्या समारंभात वक्त्याने उपदेश करावा आणि विद्यार्थ्यांनी तो निमूटपणे ऐकावा असा आपल्याकडे प्रघात आहे. माझ्या विद्यार्थिदशेत याच व्यासपीठासमोर मांडी घालून बसून मी असे पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, आणि त्यांतील एकही आज मला आठवत नाही. म्हणून आज उपदेश करण्याऐवजी मी एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट दूरदेशीची आहे, शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि खेळाची आहे. परंतु ती एका ज्ञातीची नव्हे तरी एका समाजाची गोष्ट आहे, आणि म्हणून आपल्यासारख्या संस्थेने ती ऐकण्याजोगी आहे असे मला वाटते.

अमेरिकेच्या इंडियाना संस्थानात साउथ बेंड नावाचे एक गाव आहे. तेथे फादर एडवर्ड सोरिन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १८४२ साली नोटर डेम या विद्यालयाची स्थापना केली. ही संस्था रोमन कॅथलिकांची. अमेरिकेत त्या काळी प्रॉटेस्टंट पंथीयांचे प्राबल्य होते, आणि आयर्लंड, पोलंड, इटली वगैरे देशांतून पोटासाठी आलेल्या कॅथलिक लोकांकडे तेथील प्रतिष्ठित वर्ग परके म्हणून, पुष्कळदा तुच्छतेने, पाहत असे. ही माणसे गिरण्यांत राबत, रेल्वेचे रस्ते खणत, आणि आपल्या मुलांनी तरी चार अक्षरे शिकावीत म्हणून पैपैसा बाजूला टाकीत. आपल्या वाडवडिलांनी हे मंडळ कशासाठी काढले हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना नोटर डेम कशासाठी निघाले हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

१९२० नंतरच्या काही वर्षांत कू क्लक्स क्लॅन या पांढरे बुरखे घालणाऱ्या संघटनेचा इंडियानामध्ये विलक्षण जोर झाला. तिचे तेथील सभासद दोन लाखांहून अधिक होते. कृष्णवर्णीय, यहुदी आणि कॅथलिक हे तिघेही तिच्या द्वेषाचे विषय. १९२४ च्या मे महिन्यात या मंडळींनी साउथ बेंड येथेच मोठा मेळावा भरविण्याचे योजिले. नोटर डेमच्या विद्यार्थ्यांचे रक्त तापले. १७ मे रोजी ते स्टेशनावर जाऊन उभे राहिले आणि गाडीतून उतरणाऱ्यांचे बुरखे त्यांनी हिसकावून घेतले. क्लॅनच्या कचेरीच्या खिडकीत विजेच्या दिव्यांचा क्रूस लावला होता, तो त्यांनी बटाटे फेकून फोडला. शेवटचा, सर्वांत उंचावरचा दिवा फुटबॉलच्या संघातील एका गड्याने अचूक नेमाने टिपला अशी आख्यायिका आहे. दोन दिवसांनी पुन्हा चकमक झाली आणि तीत मुलांची डोकी फुटली. तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श स्वतः रस्त्यावर आले आणि त्यांनी मुलांना परत फिरण्याची विनवणी केली. मुले संतापलेली होती, परंतु ती परत फिरली.

हाताशी आलेला दगड खाली टाकून परत फिरणे हे दगड मारण्यापेक्षा कठीण असते. त्या मुलांनी त्या रात्री ते केले, आणि मग चार महिन्यांनी मैदानात उतरून जे केले त्याची ही हकीकत आहे.

प्रथम त्यांच्या गुरूविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. नूट रॉकने याचा जन्म १८८८ साली नॉर्वे देशातील व्हॉस या गावी झाला. पाच वर्षांचा असताना तो शिकागोस आला. घरची स्थिती बेताची, म्हणून त्याने काही वर्षे टपालखात्यात नोकरी केली, आणि आपल्याकडे मुले पदवी घेऊन बाहेर पडतात त्या वयात, म्हणजे बाविसाव्या वर्षी, तो नोटर डेम येथे शिकावयास गेला. विषय रसायनशास्त्र. पुढे त्याच प्रयोगशाळेत तो साहाय्यक झाला आणि १९१८ पासून फुटबॉलच्या संघाचा मुख्य शिक्षक झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हा मनुष्य कॅथलिक नव्हता. त्याने त्या पंथाची दीक्षा घेतली ती १९२५ च्या अखेरीस, म्हणजे मी सांगतो आहे तो पराक्रम होऊन गेल्यावर. कॅथलिकांच्या संस्थेची कीर्ति ज्याने देशभर नेली तो ती नेत असताना त्यांच्या पंथाचा नव्हता. या गोष्टीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आता या खेळाविषयी. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याहून अमेरिकन फुटबॉल अगदी निराळा. चेंडू वाटोळा नसतो, लांबट असतो. सोललेल्या नारळाची आठवण व्हावी असा. गडी अकराच, पण चेंडू हातात घेऊन पळावयाचे, किंवा पुढच्या गड्याकडे फेकावयाचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले तर चढाई चालू राहते, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन अखेरची रेषा ओलांडली की सहा गुण, त्यानंतर लाथ यशस्वी झाली तर आणखी एक, आणि नुसत्या लाथेने खांबांमधून चेंडू पार केला तर तीन. आज या खेळात चढाईचे गडी निराळे आणि बचावाचे निराळे असतात. त्या काळी तेच अकरा जण दोन्ही कामे करीत. हुतूतूत गडी कधी मारावयास जातो आणि कधी धरावयास उभा राहतो, तसेच ते होते.

संघात मागच्या फळीत चार गडी होते: हॅरी स्टुलड्रेहर, जिम क्राउली, डॉन मिलर आणि एल्मर लेडन. आजच्या या खेळातील धिप्पाड गडी ज्यांनी पाहिले असतील त्यांना आश्चर्य वाटेल, पण या चौघांपैकी एकाचेही वजन १६२ पौंडांहून, म्हणजे सुमारे ७३ किलोंहून, अधिक नव्हते. त्यांचे बळ अंगापेक्षा वेगात आणि एकमेकांच्या मनाची पावले ओळखण्यात होते. त्यांच्यापुढे उभी राहणारी सात जणांची फळी होती. ॲडम वॉल्श हा त्या फळीचा मध्य आणि संघाचा नायक. या सातांचे काम एवढेच की प्रतिपक्षाला अंगावर घ्यावयाचे आणि मागच्या चौघांना वाट करून द्यावयाची.

मोसमाचा आरंभ ऑक्टोबरात झाला. लोम्बार्ड कॉलेजावर ४०–०, वॉबॅशवर ३४–० असे सोपे विजय मिळाले. खरी परीक्षा १८ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्क येथील पोलो ग्राउंड्सवर होती. प्रतिपक्ष होता लष्करी विद्यालयाचा बलाढ्य संघ. ॲडम वॉल्श त्या दिवशी हातांना दुखापत झालेली असतानाही खेळला. नोटर डेमने तो सामना १३–७ असा जिंकला. तो पाहावयास ग्रँटलंड राइस नावाचा नामांकित क्रीडालेखक हजर होता. बायबलच्या अखेरच्या ग्रंथात जगावर अनर्थ घेऊन येणाऱ्या चार घोडेस्वारांचे वर्णन आहे. राइसने आपल्या वृत्तान्तात मागच्या फळीतील चौघांना त्यांची उपमा दिली. संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने लगेच चार घोडी मिळवून या चौघांना त्यांवर बसविले आणि छायाचित्र काढवून घेतले. ते छायाचित्र देशभर झळकले आणि 'चार घोडेस्वार' हे नाव अमर झाले. चौघांपैकी घोड्यावर बसण्याचा सराव कितीजणांस होता हा प्रश्न कोणी विचारला नाही!

आठवड्याने प्रिन्स्टनवर १२–० असा विजय मिळाला. प्रिन्स्टन हे धनवंतांच्या आणि कुलीनांच्या मुलांचे विद्यापीठ, म्हणून साउथ बेंडच्या मजुरांना त्या विजयाची गोडी किती वाटली असेल हे आपण समजू शकतो. १ नोव्हेंबरला जॉर्जिया टेकवर ३४–३ आणि ८ नोव्हेंबरला विस्कॉन्सिनवर ३८–३ असे मोठे विजय झाले.

या दोन सामन्यांच्या मध्ये, ४ नोव्हेंबर रोजी, निवडणूक झाली, आणि इंडियानाच्या मतदारांनी क्लॅनचा पाठिंबा असलेल्या उमेदवाराला गव्हर्नर म्हणून निवडून दिले. मित्रहो, ही तारीख मी मुद्दाम सांगतो. खेळाच्या विजयांनी समाजाचे मन पालटते असे आपण सहज बोलून जातो. ते तितके सोपे नाही. शनिवारी ज्यांनी या मुलांच्या पळण्याला टाळ्या वाजविल्या असतील त्यांतील काहींनी मंगळवारी त्यांच्या विरुद्ध मत दिले असेल. कौतुक एक आणि बरोबरीचा मान दुसरा. हा भेद ज्यांच्या वाट्याला आला आहे त्यांनाच तो नीट कळतो.

१५ नोव्हेंबरला नेब्रास्काचा संघ साउथ बेंडला आला. १९२२ आणि १९२३ या दोन्ही वर्षी याच नेब्रास्काने नोटर डेमला हरविले होते. या वेळी निकाल ३४–६ असा लागला. त्यानंतर नॉर्थवेस्टर्नशी सामना अटीतटीचा होऊन १३–६ असा सुटला, आणि कार्नेगी टेकवर ४०–१९ असा विजय मिळून नऊपैकी नऊ सामने पदरात पडले.

राहिला तो अखेरचा सामना, कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे, १९२५ च्या वर्षप्रतिपदेस, म्हणजे १ जानेवारीस. 'रोझ बोल' हे त्याचे नाव. रॉकने आपल्या मुलांना घेऊन आगगाडीने दक्षिणेकडून वळसा घेत निघाला, आणि वाटेत मुक्काम करून त्यांना उबदार हवेत सराव देत पश्चिमेस पोहोचला. प्रतिपक्ष स्टॅनफर्ड विद्यापीठाचा. त्यांचा गुरु 'पॉप' वॉर्नर हा या विद्येतील भीष्माचार्य, आणि त्यांचा महारथी एर्नी नेव्हर्स. त्या मोसमात नेव्हर्सचे दोन्ही घोटे जायबंदी झाले होते. तरीही तो संपूर्ण सामना खेळला, चौतीस वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्याने एकट्याने ११४ यार्ड कापले.

रॉकनेने आरंभी दुय्यम फळीतील गडी मैदानात उतरविले. ही त्याची नेहमीची रीत. त्यांनी प्रतिपक्षाचा पहिला आवेग अंगावर घ्यावा आणि मग ताजेतवाने मुख्य गडी उतरावेत असा त्याचा बेत असे. स्टॅनफर्डने लाथेने पहिले तीन गुण घेतले. मग लेडनने रेषा ओलांडली. पुढे स्टॅनफर्डने फेकलेला चेंडू लेडनने मधल्यामध्ये झेलला आणि ७८ यार्ड धावत नेला. तिसऱ्या भागात स्टॅनफर्डच्या हातून सुटलेला चेंडू हन्सिंगर या गड्याने उचलून रेषेपलीकडे नेला. मग स्टॅनफर्डने उसळी घेतली, २०–१० अशी स्थिती आली, आणि पुढच्या एका चढाईत नेव्हर्सला रेषेपासून तसूभर अंतरावर अडविण्यात आले. तो पोहोचला होता असे स्टॅनफर्डचे पक्षपाती पुढेही म्हणत राहिले. अखेर लेडनने पुन्हा एक फेक झेलून ७० यार्ड धाव घेतली आणि सामना २७–१० असा संपला. एकंदर किती यार्ड पुढे सरकले याचा हिशेब केला तर स्टॅनफर्डच वरचढ होता. विजय मिळाला तो प्रतिपक्षाच्या चुका जागरूकपणे टिपल्यामुळे. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांनी हेही लक्षात ठेवावे: आपल्या यशात समोरच्याच्या दुर्दैवाचाही थोडा वाटा असतो.

दहा सामने, दहा विजय. केलेले गुण २८५, दिलेले ५४. राष्ट्राचे विजेतेपद नोटर डेमला प्रथमच लाभले. या गोष्टीला जानेवारी २०२५ मध्ये शंभर वर्षे झाली.

या विजयानंतर त्या संस्थेने जे केले ते मला विजयाहून मोठे वाटते. अशा मोसमाबाहेरच्या सामन्यांत पैसा होता, प्रसिद्धी होती. तथापि लांबलेल्या मोसमाने अभ्यासाची हानि होते म्हणून विद्यापीठाने अशी आमंत्रणे घेणे बंद केले, आणि हा नेम जवळजवळ पंचेचाळीस वर्षे पाळला. पुन्हा त्यांचा संघ अशा सामन्यात उतरला तो १ जानेवारी १९७० रोजी. दुसरी गोष्ट नावाची. 'लढाऊ आयरिश' असे त्यांना लोक म्हणत आणि त्यात पुष्कळदा हिणवण्याचा भाव असे. १९२७ साली फादर वॉल्श यांनी तेच नाव संघाचे अधिकृत नाव म्हणून स्वीकारले. कुचेष्टेचे नाव मिरवण्याचे झाले.

आता मी मथळ्यातील खेचरांकडे वळतो. चार घोडेस्वारांची कीर्ति पसरल्यावर पुढच्या फळीतील सात जण स्वतःला विनोदाने 'सात खेचरे' म्हणवू लागले. ओझे त्यांनी वाहावयाचे आणि छायाचित्र इतरांचे निघावयाचे! संघात घोडेस्वार श्रेष्ठ की खेचरे श्रेष्ठ यावर एकदा मत घेतले आणि सात विरुद्ध चार मतांनी खेचरांचा पक्ष जिंकला अशी गमतीची कथा सांगतात. मित्रहो, आज या व्यासपीठावर पदके घेणारे विद्यार्थी हे आपले घोडेस्वार आहेत. परंतु कोणाच्या आईने शिकवण्यांच्या वेळा सांभाळून स्वयंपाक केला, कोणाच्या धाकट्या बहिणीने आपली वह्या-पुस्तकांची मागणी पुढच्या महिन्यावर ढकलली, कोणाच्या वडिलांनी दुसरी पाळी केली. त्यांची नावे पत्रिकेत छापलेली नाहीत. घरी गेल्यावर पदक प्रथम त्यांच्या हाती द्यावे.

येथे भाषण संपविले असते तर सर्वांस बरे वाटले असते. पण गोष्टीचा उरलेला भाग न सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल.

ज्या संस्थेने १९२४ मध्ये द्वेषाचे घाव सोसले, तिच्या त्या संघात एकही कृष्णवर्णीय गडी नव्हता. तसा गडी असणेच शक्य नव्हते. नोटर डेममध्ये पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला तो १९४४ साली, म्हणजे त्या विजयानंतर वीस वर्षांनी. पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश मिळाला तो १९७२ मध्ये. बुरखेवाल्यांच्या द्वेषाच्या यादीत कॅथलिक आणि कृष्णवर्णीय शेजारी शेजारी होते, पण त्यामुळे ते एकमेकांचे शेजारी झाले नाहीत. दाराबाहेर उभे राहण्याचे दुःख ज्यांनी भोगले त्यांनी दार मिळताच ते आतून लावून घेतले.

आणि आपण हिंदी लोक यात निर्दोष आहोत असे समजू नये. त्याच काळात, १९२३ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे भगतसिंग थिंड यांचा खटला निकालात निघाला. हे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. नागरिकत्व गोऱ्यांना मिळे, म्हणून त्यांच्या बाजूने युक्तिवाद केला गेला तो असा की ते उच्च जातीचे आर्यवंशीय आहेत, आणि उच्च जातीचा हिंदू आपल्याकडील आदिवासींकडे जसा पाहतो तसाच गोरा अमेरिकन काळ्याकडे पाहतो. न्यायाधीशांनी एकमताने हा दावा फेटाळला. आधी नागरिकत्व मिळालेल्या काही हिंदी लोकांनाही ते पुढे गमवावे लागले. जातीचा दाखला सातासमुद्रापलीकडे नेऊन दाखविला, आणि तो तेथे कवडीमोलाचा ठरला! मला दुःख वाटते ते दावा हरल्याचे नव्हे. असा दावा करावा असे सुचले, याचे वाटते.

आता थोडे स्वतःविषयी. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी मी आपल्या वसतिगृहात राहून शिकलो. कॉलेजच्या फुटबॉल संघात मी होतो, आपला साधा, वाटोळ्या चेंडूचा फुटबॉल. आमचा गोलरक्षक दुसऱ्या समाजाचा होता. आमच्यापेक्षा गरीब आणि आमच्यापेक्षा हुशार. तो रोज पहाटेच्या गाडीने येई आणि रात्रीच्या गाडीने जाई. पावसाळ्यात सराव संपल्यावर ओल्या कपड्यांनिशी तो वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून गाडीची वाट पाही. त्या वर्षी आपल्या वसतिगृहात दोन खोल्या रिकाम्या होत्या. मला ते ठाऊक होते. नियमही ठाऊक होता. दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडले. जाताना त्याने आपले हातमोजे मला दिले. मी व्यवस्थापकांना एक शब्दही विचारला नव्हता, आणि त्याने मला त्याविषयी कधी एक शब्द विचारला नाही. सामन्यात त्याच्या अंगावर येणारा चेंडू अडविण्यासाठी मी आडवा पडलो असतो. व्हरांड्यात बसलेल्या त्याच्यासाठी मी उभाही राहिलो नाही.

यंदाच्या सर्वसाधारण सभेपुढे वसतिगृहाच्या काही जागा इतर समाजांतील गरजू विद्यार्थ्यांना द्याव्यात असा ठराव येणार आहे. त्यावर मतभेद आहेत आणि विरोध करणाऱ्यांचा हेतु वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्या मुलांना जागा पुरत नसताना इतरांना का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पूर्वजांनी जमविलेली पै न् पै आपल्याच मुलांसाठी होती, हेही खरे. मी फक्त नॉर्वेहून आलेल्या त्या टपालखात्यातील कारकुनाची आठवण देतो. बाविसाव्या वर्षी तो दारात उभा राहिला तेव्हा 'तू आमच्यातला नव्हेस' असे म्हणून त्याला परत पाठविले असते, तर आज मी तुम्हांला सांगावयास ही गोष्टच उरली नसती. १९३१ च्या मार्च महिन्यात विमानाच्या अपघातात तो गेला तेव्हा त्याचे वय अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते, आणि सारा देश हळहळला. ज्या संस्थेचे नाव त्याने राखले ती त्याला जन्माने मिळालेली नव्हती. तिने त्याला आत घेतले, म्हणून ती त्याची झाली.

विद्यार्थिमित्रांनो, या सभेत मत देण्याचा अधिकार तुम्हांला अजून नाही. पण तुमच्या वर्गात, तुमच्या संघात, तुमच्या व्हरांड्यात कोणी तरी गाडीची वाट पाहत बसलेला असेल. त्याच्यासाठी एक शब्द विचारण्याचा अधिकार तुम्हांला आजही आहे. मी तो वापरला नाही. तुम्ही तो वापरावा, एवढीच माझी प्रार्थना.